बटण सोडा, मावशी

ठाण्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी टेलिफोन ऑपरेटर होते. नोकरी लागली तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या घरी वडील म्हणाले होते, हिचं तोंड घरात फुकट चालतं, आता निदान त्याचा पगार तरी मिळेल. पगार फार नव्हता, पण टेबल माझं होतं, खुर्ची माझी होती आणि हॉस्पिटलात येणारा प्रत्येक आवाज आधी माझ्या कानातून जायचा. याचा मला थोडा माज होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

नव्वदच्या दशकात मध्येच कधीतरी तिथे वायरलेस आला. दानशूर मंडळींच्या एका क्लबने आमच्या मेटाडोर अँब्युलन्समध्ये एक सेट बसवून दिला आणि दुसरा माझ्या टेबलावर आणून ठेवला. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उंच एरियल उभी राहिली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि क्लबच्या अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की आता पेशंट गाडीत चढल्यापासूनच डॉक्टरांच्या देखरेखीखाली असेल, मग गाव कितीही लांब असो. आमचे मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत होते. त्यांनी पेढा खाल्ला, हात रुमालाला पुसले आणि कुणाशी काही न बोलता ओपीडीत निघून गेले.

डॉक्टरांचं वय साठीच्या आसपास. हुशार माणूस, हाताला गुण होता असं सगळं ठाणं म्हणायचं. सकाळी बसले की दुपारचं जेवण टळून जाईपर्यंत उठायचे नाहीत, गरिबाकडून पैसे घ्यायचे नाहीत, पण माणसाचं बोलणं त्यांना सोसायचं नाही. पेशंटने तोंड उघडून दुसरं वाक्य सुरू करावं तोवर यांची चिठ्ठी लिहून झालेली असायची. आणि खरी पंचाईत अशी, की चिठ्ठी बहुतेक वेळा बरोबर असायची. त्यामुळे त्यांना कोण काय बोलणार? बाहेरची रांग गेटपर्यंत गेलेली दिसली की मलाही वाटायचं, बरोबरच आहे, प्रत्येकाची कहाणी ऐकत बसले तर हे घरी कधी जाणार.

वायरलेसचं तंत्र टेलिफोनपेक्षा वेगळं होतं. हातात धरायच्या माइकवर अंगठ्याखाली एक बटण. ते दाबून बोलायचं, आणि सोडून ऐकायचं. एकाने बटण दाबून धरलं असेल तोवर दुसऱ्याने कितीही घसा फोडला तरी पलीकडे काही पोचत नाही. हे मी आमच्या ड्रायव्हरला आणि गाडीवरच्या सिस्टरला आठवडाभर शिकवलं. ड्रायव्हर माजिवड्याचा, मोठा हौशी माणूस. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणायला शिकला, आणि मग त्याची बायको तक्रार करायला लागली की हे घरी भाजी वाढ म्हणतानाही ओव्हर म्हणतात.

डॉक्टर मात्र माइकला हात लावेनात. नाडी हातात नसताना मी तोंड उघडणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. शेवटी तोडगा असा निघाला की गाडीवरून निरोप आला की मी इंटरकॉमवरून त्यांना बोलवायचं, ते माझ्या दारात उभं राहून दोन शब्द सांगायचे आणि ते दोन शब्द मी पलीकडे पोचवायचे. त्यामुळे गाडीत कायम माझाच आवाज जायचा. डॉक्टर सेटवर बोलत नाहीत, ही गोष्ट सगळ्यांनी गृहीतच धरली होती.

त्या दिवशी गाडी डोंबिवलीच्या मागच्या अंगाला, खाडीकाठच्या कोळ्यांच्या एका गावात मुलांच्या लसीकरणाला गेली होती. सकाळ टळत आली होती. सेट खरखरला आणि सिस्टरचा आवाज आला. पंचविशीतला एक कोळी, पहाटेपासून पोटात दुखतंय, उलट्या झाल्यात, आता डोळे झाकलेत आणि जीभ जड झालीय. गावात काल लग्न होतं, लोक म्हणतात रात्रीची उतरलेली नाही. ब्लडप्रेशर ठीक आहे. त्याला आणि त्याच्या आईला गाडीत घेऊन आम्ही निघालोय.

मी डॉक्टरांना बोलावलं. ते आले, दाराच्या चौकटीत उभे राहिले आणि मी अर्ध्यावर असतानाच म्हणाले, “दारू. सलाईन लावा म्हणावं आणि घेऊन या.” मी तसं सांगितलं. सिस्टरने बरं म्हटलं. डॉक्टर वळले, आणि सेटमधून दुसराच आवाज आला. जाड, खणखणीत, बाजारात कमावलेला बाईचा आवाज.

“माजा पोऱ्या पित नाय. आयकता का, डाक्टर? कवाच पित नाय तो.”

पुढे कळलं ते असं, की सिस्टर सलाईन लावायला वाकली आणि तिने माइक क्षणभर बाकावर ठेवला, तेवढ्यात त्या बाईने तो उचलला. बटण दाबून बोलतात हे तिने पाहिलं होतं. सोडून ऐकतात, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. सिस्टरला वाटलं, डॉक्टरांचा निरोप तर आलाय, आता बोलू दे बिचारीला, तेवढीच शांत राहील. आणि पलीकडून कुणी उत्तर देत नाही याचं गाडीत कुणालाच नवल वाटलं नाही.

मला तिचा भयंकर राग आला. मी बटण दाबून “मावशी, सोडा ते, सोडा” असं दोनदा ओरडले आणि मग माझं मलाच हसू आलं, कारण हे तिच्यापर्यंत पोचणार नाही हे सगळ्यांना शिकवणारी मीच होते. डॉक्टर दारातून परत फिरले. तिला गप्प करा म्हणाले. मी म्हटलं, सर, ती बटण सोडेपर्यंत आपल्याला काहीच करता येत नाही. बंद करा मग तो डबा, असं ते म्हणाले, पण स्वतः तिथेच उभे राहिले. का राहिले ते मला तेव्हा कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यासमोर बोलत होतं आणि त्यांना मध्ये तोंड घालता येत नव्हतं.

ती बाई अगदी पहिल्यापासून सांगायला लागली. लग्न शेजारी होतं. पाहुणे यांच्याकडे उतरले होते. मामाची कंबर धरलेली, म्हणून पोराने आपली खाट मामाला दिली. कुठल्या मामाची, त्या मामाला मुलं किती, तो मुरबाडहून का आला, हे सगळं आलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पोरगा मग मागच्या पडवीत, जमिनीवर, जाळ्यांच्या ढिगाशेजारी निजला. पहाटे उठून म्हणाला पोटात कळ येतेय. तिने ओव्याचं पाणी दिलं, ते उलटून पडलं. गावातल्या डॉक्टरने पित्ताचं इंजेक्शन दिलं.

“मंग बोल्ला, आये, मना समदा दोन दोन दिसतंय,” ती म्हणाली. “लोकं हसली. लग्नघर ना. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला, डाक्टर. वास नव्हता.”

दोन दोन दिसतंय, हे ऐकल्यावर डॉक्टर आत आले आणि माझ्या खुर्चीत बसले. मी उभी राहिले. त्यांनी कान सेटच्या जाळीला लावला. ती सांगत होती की त्याच्या पापण्या खाली पडल्यात, बोटाने उचलल्या तर तो बघतो, आईला ओळखतो, म्हणजे झोप नाही ही. पाणी पाजलं तर नाकातून आलं. तोंडातून लाळ गळतेय आणि ती त्याला गिळता येत नाही.

“मण्यार,” डॉक्टर म्हणाले. मला नाही, स्वतःशीच. मग माझ्याकडे वळून त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मला आठवतंय तसं त्यांनी मला एवढं सलग कधीच काही सांगितलं नव्हतं. मण्यार निजलेल्या माणसाला चावते. जखम दिसत नाही, धड दुखतही नाही. माणूस शुद्धीवर असतो आणि शरीर एकेक करून मिटत जातं. आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. हा गिळण्यापर्यंत आला होता. त्यांनी इंटरकॉम उचलून वॉर्डात सापाच्या विषावरचं इंजेक्शन काढायला सांगितलं, श्वासाचं मशीन तयार ठेवायला सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

इंजेक्शन इथे होतं. पोरगा तिथे होता, मेटाडोरमध्ये उताणा झोपवलेला, दारू प्यायलेल्या माणसासारखा सलाईन लावून. त्याला कुशीवर वळवायला हवं होतं, तोंडातली लाळ पुसायला हवी होती, आणि श्वास उथळ झाला की गाडीतला रबरी फुगा तोंडावर धरून दाबत राहायला हवं होतं, हॉस्पिटल येण्याची वाट न बघता. एवढंच सिस्टरला सांगायचं होतं. पण बाई बोलतच होती. सांगायचं ते संपलं होतं आणि आता ती पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, खाटेपासून.

तिने बटण का सोडलं नाही, ते तिनेच मला नंतर सांगितलं. ती कल्याणच्या बाजारात मासळी विकायची. टोपलीसमोर गिऱ्हाईक वाकलं की बोलत राहायचं. ताजं आहे, खाडीचं आहे, उचला ताई, काहीही, पण बोलत राहायचं. बोलणं थांबलं की गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जातं. तिच्या मनाने डॉक्टर हे गिऱ्हाईक होतं, आणि ते उठून चाललंय असं तिला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर ते उठून चाललेच होते.

शीळफाट्यानंतर रस्ता मुंब्र्याच्या डोंगराला लागतो. गाडी डोंगराआड गेली की आमच्या सेटचा आवाज पार तुटायचा, तो कळव्याजवळ पुन्हा यायचा. म्हणजे जे सांगायचं ते शीळफाट्यापर्यंत. डॉक्टर नुसते माझ्याकडे बघत होते. एवढा मोठा माणूस माझ्याकडे असं बघतोय, याने मी घाबरले.

वायरलेस येण्याआधी आमचा ड्रायव्हर शीळफाट्याच्या एका एसटीडी बूथवरून हॉस्पिटलला फोन करायचा. तो नंबर मला पाठ होता. बूथवाला अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळालेला, एक पाय अधू, बोलायला गोड. मी नंबर फिरवला. नशिबाने लागला. मी म्हटलं, आमची गाडी आता कुठल्याही क्षणी येईल, काहीही करून थांबवा, आणि आत एक कोळीण माइक धरून बसलीय, तिला फक्त एवढं सांगा की बटण सोडा, मावशी, डॉक्टरांना बोलायचंय. त्याने का आणि कशाला असं एकदाही विचारलं नाही. फोन उघडाच ठेवून तो गेला. मला त्याच्या कुबडीचा आवाज, ट्रकचे हॉर्न आणि कुणाची तरी शिवी ऐकू आली. इकडे सेटमधून ती बाई मामाच्या कमरेपर्यंत आली होती. ड्रायव्हरने नंतर सांगितलं, की हा माणूस भर चौकात कुबडी वर धरून उभा होता आणि ट्रकवाले दोन्ही बाजूंनी त्याच्या नावाने ओरडत होते.

मग बाईचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. सेट शांत झाला.

डॉक्टरांनी माइक माझ्या हातातून घेतला. कुठे दाबायचं ते मी त्यांना बोटाने दाखवलं.

“मावशी, मी डॉक्टर बोलतोय. तुम्ही सांगितलंत ते सगळं मी ऐकलं. तो प्यायलेला नाही. आता माइक सिस्टरला द्या.”

त्यांनी बटण सोडलं नाही. मी त्यांचा अंगठा धरून वर केला. पलीकडून सिस्टर “हो सर, हो सर” म्हणत होती, तिचा आवाज कापत होता. मग डॉक्टर तिला एकेक गोष्ट सांगत गेले, हळू, शाळेत शिकवतात तसं. कुशीवर वळव. लाळ पूस. छातीकडे बघत राहा. घाबरू नकोस, तुझ्याकडून होईल. असं ते कुणाला म्हणताना मी ऐकलं नव्हतं. ड्रायव्हरला गाडी सोडायला सांगितलं आणि थोड्याच वेळात डोंगर आला आणि सेटमध्ये नुसती खरखर राहिली.

ओपीडीची रांग खोळंबली होती. डॉक्टर गेले नाहीत. ते खरखर ऐकत बसले. मी उभीच राहिले, देवाचं नाव घ्यावं की नाही या विचारात. कळव्याच्या जवळपास सिस्टरचा आवाज आला. श्वास मध्येच थांबला होता, मी फुगा दाबतेय, असं ती धापा टाकत म्हणाली. मग म्हणाली, मावशीपण दाबतायत, माझा हात भरून आला की त्या दाबतात.

गाडी आली तेव्हा पोरगा निळसर पडला होता, पण होता. पुढचे कितीतरी दिवस तो मशीनवर होता. त्याची आई वॉर्डाबाहेरच्या जिन्यात बसून असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती त्याच्याबद्दल काही ना काही सांगायची, आणि गंमत म्हणजे आता सगळे थांबून ऐकायचे. एका सकाळी त्याने आपणहून पापणी उचलली. सिस्टर रडली. मीही रडले, आणि टेलिफोन खणखणत होता तो तसाच खणखणू दिला.

तो उठून चहा प्यायला लागल्यावर त्याची आई माझ्या खोलीत आली. तिला तो डबा बघायचा होता, ज्यातून तिचा आवाज बाहेर पडला. तिने माझ्यासाठी सुक्या बोंबलांची पुडी आणली होती. आमच्या घरात मासळी चालत नाही हे सांगायचा मला धीर झाला नाही, ती पुडी संध्याकाळी ड्रायव्हरच्या घरी गेली. ती सेटला हात लावून बघत होती, तेवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांना कुठेतरी फोन लावून हवा होता. तिने त्यांना हात जोडले. म्हणाली, त्या दिवशी तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत, सगळं ऐकून घेतलंत, तुमचे उपकार आहेत.

डॉक्टर खरं बोलणारा माणूस. ते म्हणाले, “मी बोलत होतो, मावशी. तुमच्या हातात बटण होतं म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही.”

“मंग बरंच झालं,” ती म्हणाली. “याच्या बापाच्या येली मना दोन शब्दान गप केला.”

कुठे, असं डॉक्टरांनी विचारलं.

“हितंच. लय वरसं झाली. मी सांगाया लागली, तर डाक्टर बोल्ला, मुद्द्याचं बोल. मना मुद्दा कंचा तो कललाच नाय. मंग मी गप रायली. तो घरी नेल्यावर गेला.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टर कोण होता ते तिला आठवत नव्हतं, किंवा तिने तसं दाखवलं. पण मुद्द्याचं बोला हे शब्द आमच्या हॉस्पिटलात एकच माणूस वापरायचा, दिवसातून शंभर वेळा, आणि तो माझ्या टेबलासमोर उभा होता. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच प्लग काढून परत लावला.

डॉक्टरांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. स्वतः माझ्या खुर्चीत बसले.

“बसा,” ते म्हणाले. “काय झालं होतं त्यांना, ते सांगा.”

आता सांगून काय उपयोग, असं ती म्हणाली. तरी सांगा, पहिल्यापासून सांगा, असं डॉक्टर म्हणाले. ती बसली. पदर सावरला आणि सांगायला लागली. तेव्हा होडी नवीन घेतली होती. भावाशी भांडण झालं होतं म्हणून नवरा एकटाच जायचा. वॉर्डबॉय दोनदा येऊन गेला, रांग ओरडतेय म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं नाही. तिने भावाचं भांडण सांगितलं, होडीचा रंग सांगितला, कोणत्या वाराला तो जाळं ओढायला गेला ते सांगितलं. जाळं ओढताना शिंगाळा माशाचा काटा त्याच्या तळपायात खोल गेला. काटा तिनेच काढला, हळद भरली. आठवड्याने त्याचा जबडा धरायला लागला. घास जाईना. दाढ आली असेल असं सगळे म्हणाले, इथेही दाढेचंच औषध दिलं. ती काट्याचंच सांगायला आली होती, पण काट्यापर्यंत पोचायच्या आधी होडी येत होती आणि भाऊ येत होता.

ती थांबली. “धनुर्वात,” डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. तिने वर बघून विचारलं.

“काटा, त्योच मुद्दा व्हता का, डाक्टर?”

“हो मावशी,” डॉक्टर म्हणाले. “तोच होता.”